केडगावच्या मुक्तीची पार्श्वभूमी

पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगावात पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन बहुतेकांना विधवांचे व अनाथ मुलींचे आश्रयस्थान म्हणून ठाऊक असते. ती ओळख खरी असली तरी अपुरी आहे. जिला घरादाराने आणि समाजाने पापिणी ठरवले तिच्या पापाचे आणि तिच्या दुःखाचे करायचे काय, हा प्रश्न त्या संस्थेच्या मुळाशी होता. रमाबाईंना त्याचे उत्तर ख्रिस्तावरील विश्वासात सापडले. मात्र ते एका दिवसात सापडले नाही, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशीही ते पूर्ण सापडले नव्हते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, त्याची किंमत लोकनिंदेने मोजली आणि पुराण सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत आयुष्य काढले. 1870 च्या दशकातील दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत अन्नान्नदशेला पोहोचले. देवाच्या नावाने जवळचे सर्व देऊन झाले होते, नवस आणि अनुष्ठाने झाली होती. शेवटी रानात जाऊन मरण पत्करायचे ठरले, आणि तेथे अकरा दिवस-रात्री या माणसांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. पुढे आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेले भाऊ-बहीण पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडीपासून जीव वाचवण्यासाठी वाळूत खड्डा खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढल्याचे रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे. उपासमार म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते, आणि केवळ विधी पुरे केल्याने संकट टळत नाही हेही त्या तेव्हाच शिकल्या होत्या.

1878 मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला, आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. तेविसाव्या वर्षी, कडेवर मनोरमा असताना, त्या विधवा झाल्या. त्या काळी विधवेला तिचे वैधव्य हे तिच्याच गतजन्मीच्या पापाचे फळ म्हणून सांगितले जाई. नवरा तिच्यामुळे मेला, असे समजून घरातही तिला वागवले जाई. तिच्या वाट्याला दुःख तर येईच, पण त्या दुःखाचा दोषही तिच्याच माथी बसे. माझ्या मते रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्याची किल्ली येथे आहे, कारण दुःख आणि दोष यांची ही गाठ त्यांना सोडवायची होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडमधील वाँटेज येथे सेंट मेरी या ख्रिस्ती जोगिणींच्या भगिनीसंघाकडे गेल्या. त्या भगिनी लंडनच्या फुलम भागात ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत होत्या. ज्यांच्याकडे पाहणेही आपल्याकडे पाप मानले जाई, अशा स्त्रियांची सेवा या भगिनी इतक्या प्रेमाने का करतात, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. येशूने त्या स्त्रीचे, पाच नवरे होऊन गेलेले, आयुष्य लपवू दिले नाही आणि त्यावरून तिला हाकलूनही दिले नाही. ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचाही प्रभाव होताच. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तरीही एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि भगिनीसंघातील आपल्या मार्गदर्शक भगिनींशी त्या पत्रांतून निर्भीडपणे वाद घालीत राहिल्या. त्यांचा विश्वास परदेशी मंडळींच्या हाताखाली घडला असे म्हणणाऱ्यांनी ही पत्रे वाचावीत.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची निवासी शाळा, सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्याच सुमारास रमाबाईंच्या जीवनात असे एक वळण आले, ज्याला त्या स्वतः बाप्तिस्म्याहून अधिक महत्त्व देत. आपल्याला आठ वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या आत्मकथनात, म्हटले आहे. विद्वत्ता, सत्कृत्ये आणि धर्मांतर यांपैकी कशानेही आपले पाप फिटत नाही, तारण, म्हणजे पापातून सुटका, हे केवळ विश्वासाने स्वीकारायचे दान आहे, ही खात्री त्यांना या काळात झाली. विधवेच्या माथी मारलेले पाप खोटे आहे हे त्या आधीपासून म्हणत होत्याच. आता स्वतःचे पाप खरे आहे हेही त्या म्हणू लागल्या. ज्या विदुषीने सभा गाजवल्या, तिने पापक्षमेच्या बाबतीत अडाणी बालविधवेच्या शेजारी बसणे ही लहान गोष्ट नव्हे.

या खात्रीचे परिणाम लगेच दिसले. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सनातन्यांइतकेच सुधारकही दुरावले. टीकाकारांचा आक्षेप निराधार नव्हता, कारण सदन धर्माबाबत तटस्थ राहील अशी त्यांची समजूत होती. पण आपल्या घरात दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा हक्क सोडायला रमाबाई तयार नव्हत्या.

अमेरिकेतील साहाय्यकांनी सदनाला दहा वर्षांसाठी मदत कबूल केली होती. ती संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावण्यात आली होती. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील मदतकेंद्रांभोवती निराधार मुलींना फूस लावून नेणारी माणसे फिरत असल्याच्या बातम्या आल्या, आणि रमाबाई तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या मोकळ्या रानात झोपड्या पडल्या. 1900 मध्ये छप्पनाच्या (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो जणी आल्या. जिने झाडपाला खाऊन दिवस काढले होते, तिनेच आता या सापळा झालेल्या मुलींना भरवण्याची जबाबदारी घेतली.

येथे विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग उभे राहिले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींसाठी निघालेल्या सदनाला शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाचे नाव देण्यात आले. जन्मांध माणसाला पाहून ‘पाप कोणाचे, याचे की आईबापांचे’ असे शिष्य विचारतात आणि येशू दोघांचेही नाही असे उत्तर देतो, हा योहानाच्या नवव्या अध्यायातील प्रसंग या मुलींच्या कानी पडणे म्हणजे काय असेल, याचा वाचकांनी विचार करावा.

1904 मध्ये वेल्समध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीची बातमी आल्यावर मुक्तीत प्रार्थनागट वाढले, आणि जून 1905 च्या अखेरीस तेथेही जागृती झाली. मुली मोठमोठ्याने रडत आपापली पापे कबूल करीत, रात्र रात्र प्रार्थना चाले आणि नंतर गटागटाने त्या आसपासच्या गावांत साक्ष देण्यास जात. मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी त्याविषयी लिहिल्यामुळे केडगावचे नाव जगभरातील पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीच्या, इतिहासात गेले. या उमाळ्याकडे शंकेने पाहणारे ख्रिस्ती लोकही होते. रमाबाईंनी मात्र त्याची कसोटी आचरणात शोधली: कबुलीनंतर मुलगी खरे बोलते का, दुसरीची सेवा करते का, हे त्या पाहत.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी दिली, कारण नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला पापक्षमेचे वचन कोणाच्याही मध्यस्थीविना वाचता यावे असे त्यांना वाटे. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, आणि 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले.