संगणकाच्या खोलीतली शिरगणती

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सत्ताबदल झाला आणि त्याच दिवशी केंद्र सरकारमधले ‘डीईआय’चे, म्हणजे विविधता, समन्याय आणि समावेशकता या नावाने चालणारे कार्यक्रम बंद करण्याचा आदेश निघाला. फेसबुकची मालक कंपनी मेटाने आपला कार्यक्रम त्याच्या काही दिवस आधीच गुंडाळला होता. फेब्रुवारीत गूगलने भरतीची उद्दिष्टं सोडली. एप्रिलपासून नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने या विषयावरची बरीच अनुदानं अर्ध्यावर थांबवली. आपल्याकडे यावर ‘चला, आता तरी गुणवत्तेला वाव मिळेल’ असं म्हणणारे भेटतात. आरक्षणाच्या वादात वाढलेल्या मराठी कानांना ही भाषा नवी नाही.

संगणकक्षेत्रात सगळ्यांना जागा करून देण्याचं हे काम सुरू कसं झालं, हे मात्र या गदारोळात कोणी सांगत नाही. मला त्यातली जी माणसं महत्त्वाची वाटतात, त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी आधी डोकी मोजली. खोलीत कोण आहे, कोण नाही, आणि जे नाहीत ते नेमके कधीपासून नाहीत.

‘कधीपासून’ हा प्रश्न कळीचा, कारण सुरुवातीला बायका होत्या. दुसऱ्या महायुद्धात ‘कॉम्प्युटर’ हे हुद्द्याचं नाव होतं: हिशेब करणारी व्यक्ती, आणि ती बहुधा बाईच. तोफगोळ्याच्या एका मार्गाचं गणित हाताने करायला तीस-चाळीस तास लागत. ते काम झटपट व्हावं म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हे यंत्र बांधलं गेलं, आणि ते चालवायला या हिशेबनिसांतल्याच सहा जणी निवडल्या: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. हाताशी पुस्तक नाही, प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. यंत्राचे आराखडे वाचून कुठली वायर कुठे जोडायची ते त्यांनी शोधून काढलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र जगाला दाखवलं, तेव्हाचं प्रात्यक्षिक जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी तयार केलेलं होतं. त्या रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण या सहा जणींना नव्हतं.

पुढे चाळीसेक वर्षांनी कॅथी क्लायमन या हार्वर्डच्या विद्यार्थिनीला एनिॲकचे जुने फोटो सापडले. यंत्राशेजारी उभ्या या बायका कोण, असं तिने विचारलं. उत्तर मिळालं की त्या मॉडेल असाव्यात, फ्रिजच्या जाहिरातीत फ्रिजशेजारी उभ्या करतात तशा. क्लायमनने नावं शोधली, त्यातल्या हयात असलेल्यांना गाठलं, मुलाखती घेतल्या. मोजणीतून गळालेल्या माणसांची ही पहिली मोठी फेरमोजणी म्हणता येईल.

साठच्या दशकात प्रोग्रॅमरची मागणी धो धो वाढली. १९६७ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ या बायकांच्या मासिकात या नव्या नोकरीवर लेख आला. कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आद्यजनकांपैकी एक असलेल्या ग्रेस हॉपर यांनी त्यात प्रोग्रॅमिंगची तुलना मेजवानीच्या तयारीशी केली: सगळं आधी योजून ठेवायचं, हवं तेव्हा हाताशी यायला हवं. (ही उपमा आज कोणी दिली तर तिच्यावर तुटून पडतील. तेव्हा ती दार उघडणारी होती.) आणि नेमक्या त्याच काळात दुसरीकडे चाळण्या तयार होत होत्या. विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तेराशेहून अधिक प्रोग्रॅमर तपासून १९६६ मध्ये निष्कर्ष काढला की चांगल्या प्रोग्रॅमरला कोडी आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. तपासलेल्यांत बायका दोनशेच्याही आत. नोकरीच्या चाचण्या या साच्यावर बेतल्या गेल्या, आणि एकलकोंडा, दाढी वाढलेला, रात्री जागणारा पोरगा हाच संगणकवाला, हे चित्र पक्कं झालं. चित्र आधी बनलं, माणसं नंतर त्यात बसवली गेली.

इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी वेगळा मार्ग काढला. नाझींपासून वाचवून १९३९ मध्ये इंग्लंडला पाठवलेल्या ज्यू मुलांपैकी त्या एक. १९६२ मध्ये सहा पौंड भांडवलावर त्यांनी कंपनी काढली आणि लग्न-मुलांमुळे नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरून काम दिलं. व्यवसायाच्या पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. मग उत्तरं आली. पहिल्या तीनशे जणांत पुरुष तिघेच. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा झाला आणि फक्त बायकांना घेण्याचं हे धोरण बेकायदा ठरलं. शर्ली हा किस्सा पुढे हसत सांगायच्या.

अमेरिकेतला आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली सुमारे ३७ टक्के होत्या. तिथून उतरण लागली, आणि २०१० च्या आसपास हा वाटा १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षांत वैद्यक आणि कायदा या शाखांत मुली वाढतच होत्या. त्यामुळे ‘मुलींना ते जमत नाही’ हे कारण पुरत नाही. अचानक जमेनासं कसं होईल? दोन गोष्टी एकदम घडल्या होत्या. घरगुती संगणक बाजारात आला, आणि जाहिरातींनी तो मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला. शिवाय विद्यार्थ्यांची इतकी झुंबड उडाली की विद्यापीठांनी जागा मर्यादित केल्या, पहिल्या वर्षाचे गुण चाळणीला लावले. ज्याने घरी चार वर्षं खुडबुड केली होती तो पुढे गेला. जिने वर्गात येऊन पहिल्यांदा कळफलकाला हात लावला ती मागे पडली आणि स्वतःलाच दोष देत बाहेर पडली.

हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं असं नाही. १९८७ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या एका परिषदेत संगणकशास्त्रज्ञ अनिता बोर्ग यांना बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसल्या. स्वच्छतागृहात भेट, मग एकत्र जेवण, मग ई-मेलवरून संपर्क. त्यातून ‘सिस्टर्स’ हे जाळं उभं राहिलं. १९९४ मध्ये बोर्ग आणि टेल व्हिटनी यांनी ग्रेस हॉपर यांच्या नावाने परिषद भरवली, तिला पाचशे जणी आल्या. पुढे ती हजारोंची झाली, २०१० पासून भारतातही भरू लागली. २०२० पर्यंत संगणकक्षेत्रात निम्म्या बायका हव्यात, असं बोर्ग म्हणायच्या. त्या २००३ मध्ये गेल्या. २०२३ च्या परिषदेत नोकरीच्या शोधात इतके पुरुष घुसले की मुलाखतींच्या रांगांत बायकांनाच उभं राहायला जागा उरली नाही.

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात नेटकं काम पिट्सबर्गमध्ये झालं, कार्नेगी मेलन विद्यापीठात. १९९५ मध्ये तिथे संगणकशास्त्राला येणाऱ्या मुली सात टक्के होत्या. जेन मार्गोलिस या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि ॲलन फिशर हे तिथले सहअधिष्ठाता. दोघांनी शंभरहून अधिक विद्यार्थ्यांशी चार वर्षं पुन्हा पुन्हा बोलून घेतलं. पहिला संगणक कधी मिळाला? घरात तो कुठल्या खोलीत होता? अनेक मुलींच्या घरात तो भावाच्या खोलीत होता. मुलगे यंत्राच्याच प्रेमात पडून आलेले, मुली बऱ्याचदा त्या यंत्राने काय करता येईल हे मनात धरून आलेल्या. वैद्यक, शिक्षण, कला असं काहीतरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीचा अनुभव आणि शेवटचं यश यांचा मेळ बसत नव्हता. कोरी पाटी घेऊन आलेली मुलं-मुली दोनेक वर्षांत बरोबरीला येत होती, फक्त तोवर टिकली तर.

निदान नेमकं होतं म्हणून उपायही साधे निघाले. पहिल्या वर्षाला अनुभवानुसार वेगवेगळे प्रवेशबिंदू ठेवले. शाळेत संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना उन्हाळ्यात बोलावून प्रशिक्षण दिलं. अधिष्ठाते राज रेड्डी, आंध्रातून गेलेले, यांनी प्रवेश देताना केवळ कोडिंगचा पूर्वानुभव न पाहता पुढे नेतृत्व करतील अशी माणसं शोधायला सांगितलं. २००० मध्ये मुलींचा वाटा ४२ टक्के झाला. अभ्यासक्रम सोपा केला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड या छोट्या महाविद्यालयानेही अशीच वाट धरली. अनुभवींचा आणि नवख्यांचा वर्ग वेगळा केला, कारण चार पोरं तास अडवून बसली की बाकीच्यांना वाटतं सगळ्यांनाच सगळं येतं. गणितज्ञ मारिया क्लावे तिथे अध्यक्ष असताना पाच-सहा वर्षांत तिथला मुलींचा वाटाही चाळीसच्या घरात गेला.

मार्गोलिस नंतर लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत गेल्या आणि प्रश्न वंशाकडे वळला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शाळांत संगणक होते. शिकवत काय होते? टायपिंग. ‘यंत्र दिलं म्हणजे संधी दिली’ या समजाला इथे सुरुंग लागला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत कुलूपबंद संगणककक्ष पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. राइस विद्यापीठातले गणितज्ञ रिचर्ड टापिया, मेक्सिकोहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, हेच दुखणं उच्चशिक्षणात वर्षानुवर्षं मांडत होते. त्यांच्या नावाने २००१ पासून परिषद भरते.

काही माणसं तर कुठल्याच रकान्यात नव्हती. संगणक अभियंता लिन कॉनवे यांना लिंगबदलाचा निर्णय सांगितल्यावर १९६८ मध्ये आयबीएमने काढून टाकलं. त्यांनी नवं नाव घेऊन शून्यापासून सुरुवात केली आणि चिप कशी रेखावी याची पद्धतच कार्व्हर मीड यांच्यासोबत बदलून टाकली. आधीचं आयुष्य मात्र तीसेक वर्षं झाकून ठेवावं लागलं. आयबीएमने माफी मागितली २०२० मध्ये, बावन्न वर्षांनी.

कंपन्यांची दारं उशिरा उघडली. मनुष्यबळाचे आकडे हे व्यवसायाचं गुपित आहे, असं त्या म्हणत. ऑक्टोबर २०१३ मध्ये पिंटरेस्टमधली तरुण अभियंता ट्रेसी चाउ हिने जाहीरपणे विचारलं, आकडे कुठे आहेत? आणि एक खुला तक्ता सुरू केला. वेगवेगळ्या कंपन्यांतले लोक आपापल्या इथले आकडे त्यात भरू लागले. मे २०१४ मध्ये गूगलने आपले आकडे प्रसिद्ध केले: तांत्रिक कामात बायका १७ टक्के. मग बाकीच्यांनाही गप्प बसणं अवघड झालं.

मोजणी माणसांपुरती थांबली नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. त्यासाठी सहा देशांच्या खासदारांचे १,२७० फोटो जमवले. तीन देश आफ्रिकेतले, तीन युरोपातले. गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याच्याही आत, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. खोलीत कोण नव्हतं याचा पुरावा आता यंत्राच्या उत्तरातच मिळाला.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाला एक खटकेल: आपल्याकडे तर कॉम्प्युटरच्या वर्गात मुली भरपूर असतात. खरं आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या रोली वर्मा यांनी भारतातल्या विद्यार्थिनींशी बोलून त्याचं कारण शोधलं. इथे हे क्षेत्र बायकांसाठी सोयीचं मानलं जातं, कारण काम डोक्याचं, छपराखालचं, ऑफिसातलं. ‘मेकॅनिकल नको, कॉम्प्युटर घे, एसीत बसून काम’ हा सल्ला कोणत्या घरात ऐकू आला नाही? महर्षी कर्वे यांच्या संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, तेही याच लाटेच्या तोंडावर. म्हणजे अमेरिकेत जे मुलींच्या स्वभावाचं मानलं गेलं, ते इथे उलटं आहे. उलटं होऊ शकतं, तर ते स्वभावाचं नव्हेच.

आपली न मोजलेली बाजू दुसरी आहे. हिंदू लोक जगात पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असं ज्ञानकोशकार केतकरांनी लिहून ठेवलं होतं. ते अवतरण डॉ. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात घेतलं. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को या तंत्रज्ञान कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला वरच्या जातीच्या वरिष्ठांनी डावललं आणि तो आरक्षणातून आयआयटीत आला हे सहकाऱ्यांत सांगितलं, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. वरिष्ठांवरचे व्यक्तिगत आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले, कंपनीवरचा दावा पुढे चालू राहिला. २०२२ मध्ये गूगलमध्ये दलित हक्कांच्या कार्यकर्त्या तेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवरचं व्याख्यान ऐनवेळी रद्द झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकून काही काळ सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी असाच कायदा मंजूर केला, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरून तो परत पाठवला. सध्याच्या कायद्यात हे आधीच येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

भारतातल्या बड्या सूचिबद्ध कंपन्यांना, हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या मालक कंपन्याही त्यात आल्या, सेबीच्या नियमानुसार दरवर्षी आपल्या कर्मचाऱ्यांचा तक्ता जाहीर करावा लागतो. त्यात पुरुष किती, स्त्रिया किती, अपंग किती असे रकाने आहेत. जातीचा रकाना नाही.