अश्वसाहाय्यित मानसोपचार

अश्वसाहाय्यित मानसोपचार : युद्ध, चकमक, आग, अपघात किंवा हिंसक मृत्यू जवळून अनुभवलेल्या व्यक्तींना घोड्यांच्या सहवासातून व त्यांच्या देखभालीच्या कामातून, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिला जाणारा पूरक उपचार. माजी सैनिक, पोलीस, अग्निशामक जवान आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांच्यासाठी तो विशेषकरून वापरला जातो. यात घोड्यावर बसणे गौण असते व अनेक ठिकाणी ते वगळलेलेच असते. मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी) चढवणे, खरारा करणे (दातेरी ब्रशाने अंग घासणे), खूर उचलून साफ करणे, चंदी (धान्याचा खुराक) चारणे, दोर धरून घोड्याला चालवणे आणि रिंगणात मोकळ्या सोडलेल्या घोड्याला केवळ आपल्या उभे राहण्या-वळण्यातून दिशा देणे, ही जमिनीवरची कामे हा या उपचाराचा गाभा होय. येथे त्याचा विचार विशेषतः ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात केला आहे.

घोड्याच्या साहाय्याने व्याधिग्रस्ताला उभारी देण्याच्या आधुनिक प्रयत्नांना डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्यामुळे मोठी चालना मिळाली. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे पडले असतानाही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. त्यानंतर युरोप-अमेरिकेत दिव्यांगांसाठी स्वारीची केंद्रे निघाली. आरंभी भर शरीराच्या तोलावर होता. मनाच्या जखमांकडे लक्ष पुढे वळले. ‘आघातोत्तर तणाव विकृती’ हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आले आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या दुखण्याला एक नाव मिळाले. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, झोप उडणे, किरकोळ आवाजाने दचकणे, माणसे टाळणे, आनंदाची जाणीव बोथट होणे आणि सतत पहाऱ्यावर असल्यासारखे सावध राहणे ही तिची मुख्य लक्षणे आहेत. खेड्यात ती या नावाने सांगितली जात नाहीत. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरतो’, ‘रात्रभर डोळा लागत नाही’ एवढेच कानावर येते, आणि पुष्कळदा घरच्यांना दिसते ते फक्त वाढलेले दारूचे प्रमाण.

ग्रामीण विदर्भात अशा आघाताला सामोरे जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. गडचिरोलीत माओवाद्यांविरुद्ध लढण्यासाठी १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकात स्थानिक, त्यातही अनेक आदिवासी तरुण आहेत. ज्या जंगलात ते लढतात तेच त्यांचे घर असल्यामुळे कामावरून ‘दूर’ जाणे त्यांना सहसा साधत नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मरण पावले. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात मे २०१६ मध्ये लागलेल्या आगीने विझवायला धावलेल्या अग्निशामक जवानांचेच बळी घेतले. अशा घटनांत मृतांची नोंद होते, पण त्यांचे देह उचलणाऱ्या सोबत्यांची होत नाही. विदर्भापुरते पाहता या यादीत आणखी दोघांना धरलेच पाहिजे. विहिरीत किंवा धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) झाडाला शेतकऱ्याचा मृतदेह आढळला की ठाण्याला वर्दी देणारा, पंचनाम्याला उभा राहणारा आणि मृताला लहानपणापासून ओळखणारा पोलीस पाटील हा एक. आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यानंतर झुडपातून मृतदेह बाहेर काढून संतापलेल्या जमावासमोर जाणारा वनरक्षक हा दुसरा. या दोघांच्याही वाट्याला आलेल्या आघाताची दखल क्वचितच घेतली जाते.

या उपचारासाठी घोडाच का, याचे उत्तर घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. लाखो वर्षे तो टिकला तो धोका आधी ओळखून पळाल्यामुळे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने नाकापुढची व शेपटीमागची अरुंद पट्टी सोडली तर जवळजवळ सभोवतालचे त्याला दिसते, आणि त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. जवळ येणाऱ्याचे खांदे, श्वास, पावलांची घाई तो टिपतो. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाची गती अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. सदैव सावध असलेल्या जवानाला हा प्राणी चटकन कळतो, कारण दोघांचेही शरीर एकाच सवयीत अडकलेले असते. फरक असा की घोडा बुजतो, चार पावले पळतो, वळून पाहतो, आणि धोका नाही असे दिसताच मान खाली घालून चरायला लागतो. आघाताने माणसाची हरवते ती नेमकी ही परत येण्याची क्षमता.

दुसरे कारण असे की घोड्यापुढे बोलावे लागत नाही. पोलीस किंवा सैनिक असलेल्या पुरुषाला खुर्चीवर बसून भीती सांगणे जड जाते. सांगितले तर बंदूक काढून घेतील, बढती थांबेल, गावात हसे होईल, ही चिंता असते. हाताला काम असले की मात्र तोच माणूस घोड्याच्या पाठीकडे पाहत, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता, हळूहळू बोलू लागतो.

खूर साफ करण्याचे काम पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. घोड्याच्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहायचे, तळहात खांद्यावरून पायावर हळूहळू खाली सरकवायचा आणि घोट्याच्या वर हलकेच दाबायचे. श्वास कोंडलेला असेल, हात घाईत असेल, तर घोडा पाय जमिनीत रोवून ठेवतो आणि कान मागे पाडतो. ओढाताण केली तरी काही उपयोग होत नाही, कारण त्याचे वजन चारशे-साडेचारशे किलो असते. माणसाने थांबून लांब श्वास सोडला, खांदे सैल केले, की पुष्कळदा घोडा आपला भार दुसऱ्या पायांवर घेतो आणि खूर अलगद हातात देतो. पळून जाणे हेच ज्याचे संरक्षण, असा जीव आपला पाय परक्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा ज्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला आहे त्याला शब्दांशिवाय बरेच काही उमगते. मग तज्ज्ञ विचारतो : आत्ता तुम्ही काय बदलले? उपचार तिथे सुरू होतो.

या पद्धतीचा एक महत्त्वाचा अभ्यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘मॅन ओ’ वॉर प्रकल्प’ या नावाने झाला. त्यात ६३ माजी सैनिकांनी छोट्या गटांत आठ आठवडे, दर आठवड्याला ९० मिनिटे घोड्यांसोबत काम केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून थोड्या अधिक जणांची लक्षणे लक्षणीयरीत्या घटली, ती सुधारणा तीन महिन्यांनंतरही टिकून होती आणि उपचार अर्ध्यावर सोडणारे फार थोडे निघाले. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सुधारणेतील किती वाटा घोड्याचा, किती सोबत्यांचा आणि किती नुसत्या काळाचा, हे त्यावरून ठरवता येत नाही. माणसाच्या व घोड्याच्या हृदयांचे ठोके जुळतात, असे जे उत्साहाने सांगितले जाते, त्याला तर फारच तोकडा आधार आहे. औषधे व आघातकेंद्री (आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारा) मानसोपचार यांच्या जोडीनेच हा उपचार घ्यावा. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर आधी रुग्णालय किंवा ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा गाठावी आणि मग घोड्याकडे वळावे.

विदर्भात या उपचाराला मनोभूमी तयार आहे, ती घोड्यामुळे नव्हे तर बैलामुळे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे तूप-हळदीने शेकतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणून त्याला निमंत्रण देतात. जनावराला हात लावून कृतज्ञता सांगणे येथील शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही, आणि बहुतेक जवान व पोलीस याच घरांतून आलेले असतात. घोडा मात्र गावातून दिसेनासा होत चालला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे ३.४ लाखांवर आली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. टांगे गेल्यावर उरले ते मुख्यतः लग्नाच्या वरातीचे घोडे. हे घोडे उपचारासाठी घेताना फार विचार करावा लागतो. बँड, फटाके आणि तोंडातील कडक काटेरी लगाम यांत वर्षे काढलेला घोडा शांत दिसतो, पण ती शांतता अनेकदा सोसण्याची असते. फटाक्याने दचकणारा जवान आणि फटाक्यात थिजून उभा राहायला शिकलेला घोडा यांना एकत्र आणण्यापूर्वी घोड्याला महिनोन्महिने विश्रांती, चारा आणि इतर घोड्यांचा सहवास मिळायला हवा.

हवामानही येथे आपले नियम घालून देते. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढत असल्याने काम सूर्योदयानंतरच्या दोन तासांतच आटोपावे लागते, तर पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने खूर कुजतात व रिंगणाला मुरूम टाकावा लागतो. माणसांनी धनुर्वाताची लस घेतलेली असावी, पायात बंद बूट असावेत आणि घोड्याच्या मागे कुणी उभे राहू नये.

घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून प्रत्येक घोड्याची रक्ततपासणी आवश्यक असते आणि रोग सिद्ध झाल्यास कायद्यानुसार त्या घोड्याला दयामरण द्यावे लागते. उपचार चालू असताना असे घडले, तर ज्याने आधीच सोबती गमावले आहेत त्याला आणखी एक गमवावा लागतो. अशा वेळी ‘घोडा दुसरीकडे पाठवला’ असे सांगून वेळ मारून नेणे घातक ठरते. ती बातमी तज्ज्ञाने त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत, शक्यतो त्या घोड्याच्या रिकाम्या ठाणापाशी (बांधण्याच्या जागेपाशी) उभे राहून द्यावी, आणि त्या माणसाला हवे असल्यास त्याने रोज वापरलेला खरारा त्याच्याजवळ राहू द्यावा. मात्र तो आधी निर्जंतुक करून घ्यावा.