पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर

रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवायची आणि ‘हीच द्या’ म्हणायचं, हे आम्ही रोज पाहतो. गोळी कधीपासून चालू आहे असं विचारलं, की बहुतेकांना आठवत नाही. कुठल्याशा दुखण्यात अँटिबायोटिकसोबत ती सुरू झालेली असते. दुखणं जातं, गोळी राहते. हे पत्रक अशा ग्राहकांसाठी आहे.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही नावं वेगळी असली तरी काम एकच. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात, ते या गोळ्या बंद पाडतात. जेवणाच्या वेळी हे पंप सर्वांत जास्त चालतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवून उठल्यावर घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. छातीतल्या जळजळीसाठी कोर्स साधारण 4 ते 8 आठवड्यांचा असतो आणि तेवढ्या काळात गंभीर त्रास क्वचितच होतो. प्रश्न त्यापुढचा आहे.

सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते बी-12 जीवनसत्त्वाकडे. अन्नातलं बी-12 प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटं व्हायला आम्ल लागतं. यकृतात साठा असल्याने कमतरता लगेच जाणवत नाही, दोन-तीन वर्षं निघून जातात. मग तळपायाला मुंग्या येतात, थकवा येतो, चालताना तोल जातो आणि सगळं वयाच्या खात्यावर टाकलं जातं. शाकाहारी व्यक्ती आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांनी तर डॉक्टरांना विचारून बी-12 ची तपासणी करून घ्यावीच. लोहही कमी शोषलं जातं.

मॅग्नेशियम घटणं दुर्मीळ, पण घटलं तर पायात गोळे येतात, हात थरथरतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. लघवी जास्त होण्याची गोळीही चालू असेल तर धोका वाढतो.

हाडांबद्दलचा इशारा त्याच संस्थेचा, 2010 चा: जास्त डोस किंवा वर्षाहून अधिक वापर असेल तर खुबा, मनगट आणि मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका थोडा वाढू शकतो. कॅल्शियम घेत असाल तर पाकिटावर बघा. कॅल्शियम कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं, सायट्रेटला लागत नाही.

आम्ल जंतूही मारतं, त्यामुळे ते कमी झालं की आतड्याचे संसर्ग वाढतात. मूत्रपिंडाला सूज येणं क्वचितच घडतं.

या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो अशा बातम्या वाचून घाबरलेले ग्राहकही येतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 17 हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन सुमारे तीन वर्षं पाहिलं गेलं. आतड्याचे संसर्ग तेवढे किंचित जास्त निघाले. स्मृतिभ्रंश, फ्रॅक्चर किंवा मूत्रपिंडाचे विकार यांत फरक आढळला नाही. अर्थात तीन वर्षं म्हणजे पंधरा वर्षं नव्हेत.

म्हणून घरी जाऊन गोळी एकदम बंद करू नका. दडपलेलं आम्ल उसळी मारतं, काही दिवस पहिल्यापेक्षा जास्त जळजळतं आणि माणूस ‘मला गोळीशिवाय जमतच नाही’ असं ठरवून मोकळा होतो. ती उसळी असते, जुना आजार परतलेला असेलच असं नाही. डॉक्टर सहसा डोस निम्मा करतात, मग दिवसाआड देतात आणि मधल्या काळात साधं अँटासिड किंवा फॅमोटिडिन (आम्ल कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी) सुचवतात. काहींना मात्र गोळी चालूच ठेवावी लागते: अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेला असून ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घेणारे, अन्ननलिकेला गंभीर इजा असलेले. त्यांच्यासाठी फायदा धोक्याहून मोठा आहे.

पुढच्या वेळी औषध घ्यायला याल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणा. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळायचं असतं. थायरॉईडच्या गोळीचा डोसही कधी कधी बदलावा लागतो.

गिळताना अडकणं, विनाकारण वजन घटणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी यांपैकी काहीही असेल तर आमच्याकडे गोळी मागू नका, थेट डॉक्टरकडे जा.