बंधाऱ्यावर किती फूट?

जुलैत पाऊस लागला की कोल्हापुरात "जेवलास काय?"च्या आधी "बंधाऱ्यावर किती?" असं विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हा आकडा दडपायचा म्हटला तरी दडपता येत नाही. पंचगंगा घाटाच्या किती पायऱ्या उरल्या, सुतारवाड्यात पाणी शिरलं का, हे कुणीही जाऊन बघून येतं. २०१९ च्या पुरात पातळी ५५ फुटांवर गेली, तेव्हाही लोक भांडले ते धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं यावरून. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचलं की त्याच्याच जोरावर उघडतात. तिथं कुणी बटण दाबलं, हा प्रश्नच येत नाही.

आता पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीच्या जोडीला सेन्सर आला असं धरा. पुलाखाली लावलेलं अल्ट्रासोनिक यंत्र पाण्याकडे आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतं. पाणी दहा मीटर खाली असेल तर हा वेळ सेकंदाचा साधारण सतरावा हिस्सा. पण हवा दहा अंशांनी तापली की आवाज सेकंदाला सहा मीटरनं जास्त पळतो, आणि तापमानाची दुरुस्ती केली नसेल तर दहा मीटरमागे अर्ध्या फुटाहून जास्त फरक पडतो. पूररेषेवर राहणाऱ्याला अर्धा फूट म्हणजे गाद्या माळ्यावर की घराबाहेर! तरी इथं यंत्राची चूक पकडता येते, कारण शेजारी रंगवलेली पट्टी असते.

चौकातल्या कॅमेऱ्याला अशी पट्टी नसते. चेहरा ओळखणारी प्रणाली चेहऱ्याचे आकडे करते आणि यादीतल्या चेहऱ्यांशी ते किती जुळतात ते बघते. किती जुळले की 'हाच तो' म्हणायचं, ही रेघ माणूसच ओढतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या एक लाख लोकांवर ती लावली आणि हजारात एकदाच चुकली, तरी शंभर निरपराध अडवले जाणार. त्या गर्दीत खरे पाच संशयित असतील आणि पाचही सापडले, तर १०५ इशाऱ्यांतले १०० खोटे. अचूकता मात्र ९९.९ टक्के, जाहिरातीत शोभेल अशी.

म्हणून रेघ कुणी ओढली, किती वेळा चुकली आणि चित्रण किती दिवस ठेवतात, हे उघड हवं. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० मध्ये आपण वापरत असलेल्या अल्गोरिदमची सार्वजनिक नोंदवहीच सुरू केली. आपल्याकडे माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याचं चौथं कलम कार्यालयांना सांगतं की लोकांनी अर्ज करायची वाट बघू नका, माहिती आपणहून मांडा. केंद्राच्या स्मार्ट सिटी यादीतल्या शंभर शहरांत कोल्हापूर नव्हतं, पण कॅमेरे यायला यादीत नाव लागत नाही.

माझ्या रोजच्या वाटेवर एका खांबावर राखाडी डबा आहे, आत लाल दिवा लुकलुकतो. त्याच खांबावर क्लासवाल्याचा फोन नंबर आहे, भाड्याच्या खोलीवाल्याचाही आहे. डब्यावर मात्र काहीच लिहिलेलं नाही.