पार्श्वभूमी : रिसीव्हरवरचा ‘२.१’ हा आकडा

होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचे चित्र-आवाज घेऊन ते टीव्हीला आणि स्पीकरना देणारे यंत्र) बदलावा लागतो तो सहसा आवाजामुळे नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा भाग पंधरा-वीस वर्षे सहज चालतो; आधी मागे पडतो तो एचडीएमआयचा, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलवरून नेणाऱ्या जोडणीचा बोर्ड. ‘२.१’ ही याच जोडणीची एक आवृत्ती. डीव्हीडीच्या काळात ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाज ऑप्टिकल केबलवरून येई आणि चित्र थेट टीव्हीला जाई, त्यामुळे टीव्ही बदलला तरी रिसीव्हर तोच राही. ब्लू-रेचा ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला) आवाज ऑप्टिकलमध्ये मावेना. २००६च्या एचडीएमआय १.३ने तो रिसीव्हरपर्यंत आणला, पण चित्रही आता त्याच वाटेने जाऊ लागले.

त्याचा पहिला मोठा फटका २०१४च्या सुमारास बसला. काही रिसीव्हर सेकंदाला १८ गिगाबिट वेगाचे होते, पण त्यांत एचडीसीपी २.२ (४के चित्राची नक्कल रोखणारे संरक्षण) नव्हते, काहींत एचडीसीपी २.२ होते, पण वेग १०.२ गिगाबिटच. ‘४के’ मात्र दोन्हींवर छापलेले. डॉल्बी अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही ऐकू येणारा आवाज) घरात आला तोही त्याच वर्षी, म्हणजे घाईने खरेदी झाली ती नेमकी या अर्धवट पिढीची.

एचडीएमआय २.१चे मानक नोव्हेंबर २०१७मध्ये आले : कमाल वेग ४८ गिगाबिट प्रति सेकंद, ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (पडद्याचा वेग गेमप्रमाणे बदलणे), ईआर्क (टीव्हीकडून रिसीव्हरकडे पूर्ण दर्जाचा आवाज परत नेणारी वाट). त्यावर बेतलेले रिसीव्हर २०२०मध्ये बाजारात आले, बहुतेकांना ‘८के’ इनपुट एकच आणि वेग ४० गिगाबिटचा. ४० हा आकडा स्वतः वाईट नाही. १० बिट रंगाचे ४के १२० त्यात बसते. पण अनेक कंपन्यांनी वापरलेल्या एकाच चिपमध्ये दोष निघाला, आणि काही कन्सोल व ग्राफिक्स कार्डांकडून ४के १२० एचडीआर (उजेड आणि रंगांचा मोठा पल्ला असलेले चित्र) आले की पडदा काळा पडे. फर्मवेअरने (आतल्या सॉफ्टवेअरच्या बदलाने) तो सुटण्यासारखा नव्हता. कुणी जोडडबी दिली, कुणी बोर्ड बदलून दिला. जुन्या साठ्यातला किंवा वापरलेला २०२०चा रिसीव्हर घेताना ही दुरुस्ती झाली आहे का, हे सीरियल नंबरवरून विचारून घ्यावे.

खरा गुंता २०२१च्या अखेरीस उघड झाला. परवाने देणाऱ्या संस्थेचे म्हणणे असे, की २.० (१८ गिगाबिटची आधीची आवृत्ती) हे वेगळे मानक आता उरलेले नाही. त्याच्या सोयी २.१चाच भाग आहेत आणि २.१मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. म्हणजे १८ गिगाबिटच्या पोर्टलाही ‘२.१’ म्हणता येते, फक्त कोणत्या सोयी आहेत ते जाहीर करावे लागते. मानकांच्या चौकटीत याला तर्क आहे, ऐच्छिक सोयी आधीच्या आवृत्त्यांतही होत्याच. पण एका आकड्यावर विसंबणाऱ्या ग्राहकाच्या हातून तो आकडा काढून घेतला गेला, आणि जाहीर केलेला तपशील बहुधा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडतो.

म्हणून ‘२.१’ सोडून प्रत्येक पोर्टचा वेग पाहावा : २४, ३२, ४० की ४८, व्हीआरआर आरपार जाते का, ईआर्क आहे का. ४के १२० देणारे एकच यंत्र घरात असेल तर त्यासाठी रिसीव्हर बदलायची गरजच नाही. ते यंत्र टीव्हीच्या वेगवान पोर्टला लावावे, टीव्हीचा ईआर्क पोर्ट रिसीव्हरच्या टीव्ही-आउटला जोडावा आणि टीव्हीतल्या डिजिटल आवाजाची सेटिंग ‘पास-थ्रू’ (आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणे) ठेवावी. ती ‘पीसीएम’वर (टीव्हीने आधीच उलगडलेल्या साध्या आवाजावर) राहिली तर अ‍ॅटमॉस गायब होतो. रिसीव्हरला साधा आर्क (ईआर्कची आधीची, कमी क्षमतेची आवृत्ती) असेल तर स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉस येतो, ब्लू-रेचा ट्रूएचडी येत नाही. त्यासाठी प्लेअर रिसीव्हरलाच जोडावा. ब्लू-रेचे चित्र ४के ६० हर्ट्झच्या वर जात नाही, त्यामुळे १८ गिगाबिट पुरतात.

रिसीव्हर बदलूनही पडदा लुकलुकत असेल तर आधी केबल पाहावी. ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रमाणित केबल लागते आणि साधी तांब्याची केबल पाचेक मीटरपुढे भरवशाची राहत नाही. त्याहून लांब अंतराला सक्रिय ऑप्टिकल एचडीएमआय केबल चालते, पण तिला दिशा असते : ‘सोर्स’ लिहिलेले टोक रिसीव्हरकडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेले टीव्हीकडे. उलटी लावली तर चित्र येतच नाही.