पाटीपर्यंत पोचलं का?

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाल दिव्यांची एक पाटी आहे. दुकानांवर पळती अक्षरं दिसतात, तसल्याच दोन पट्ट्या जोडून केलेली. बाजारात या पट्टीला पी-१० म्हणतात, कारण दोन दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर. एका आडव्या ओळीत ३२ दिवे आणि अशा १६ ओळी. दोन पट्ट्या जोडल्या की १०२४ दिवे. मागे ईएसपी८२६६ ही वायफायची चिप. भाच्यानं आणि मी मिळून हे सगळं घरीच बसवलं.

काम एकच. नळाला पाणी रोज येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच शहर. इथं पाण्याची बातमी वेळेवर कळणं फार मोलाचं. व्हॉल्व्हमनचा निरोप आला की लॅपटॉपवरून पाटीला धाडायचं: ‘आज पाणी’.

हे दोन शब्द पाठवण्यातच पहिला धडा मिळाला. संगणकाच्या पोटात मराठीचं प्रत्येक चिन्ह साधारणपणे ३ बाइट घेतं, मात्रा आणि काना वेगळे मोजून. ‘आज पाणी’ म्हणजे सहा चिन्हांचे १८ आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, असे १९ बाइट. एवढं पाठवणं अवघड नाही, पण त्यातून अक्षर काढणं अवघड. ‘रविवार’ लिहिताना पहिली वेलांटी साठवली जाते ‘व’च्या नंतर आणि दिसते त्याच्या आधी. जोडाक्षरांचे नियम तर आणखी वेगळे. हे सगळं त्या इवल्या चिपनं का शिकावं? लॅपटॉपला ते येतंच. म्हणून आम्ही अक्षरं पाठवायची सोडली आणि चित्र पाठवायला लागलो. पेटलेला दिवा १, विझलेला ०. आठ दिव्यांचा एक बाइट, म्हणजे अख्खी पाटी १२८ बाइटांत. चिपनं फक्त सांगितलेले दिवे लावायचे. घरगुती उपकरण करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: जड काम संगणकाकडे ठेवा.

आता हे १२८ बाइट न्यायचे कसे? वायफायवर पाटीला एक पत्ता मिळतो, १९२.१६८ नं सुरू होणारा. असे पत्ते घरातल्या जाळ्यापुरतेच असतात, त्यामुळे लाखो घरांत तोच आकडा असला तरी बिघडत नाही. पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक द्यायचा, म्हणजे घराच्या आत नेमक्या कुठल्या खोलीचं दार वाजवायचं ते. पुढे दोन वाटा. यूडीपी ही साधी वाट: गठ्ठा बांधा, सोडून द्या. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये लिहिलेला तिचा नियम जेमतेम तीन पानांचा आहे. गठ्ठा पोचला की हरवला, ते पाठवणाऱ्याला कळत नाही. टीसीपी ही दुसरी. तिचं मूळ व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४ च्या लेखात. इथं आधी ओळखपाळख होते, मग पाठवलेल्या प्रत्येक बाइटचा हिशोब राहतो. पोच आली नाही तर तोच मजकूर पुन्हा जातो.

पोच देणारी म्हणून आम्ही टीसीपी घेतली. पहिल्याच दिवशी पाटीवर सगळ्यात वरच्या ओळीत चार-पाच दिवे लागले आणि बाकी अंधार. नीट पाहिल्यावर कळलं, तो ‘णी’च्या वेलांटीचा शेंडा होता! आम्ही लॅपटॉपवरून एकेक ओळ पाठवत होतो, आठ-आठ बाइटांची. आमची समजूत, की सोळा वेळा पाठवलं तर तिकडे सोळा वेळा मिळेल. टीसीपीला असे तुकडे ठाऊकच नाहीत. तिच्यासाठी सगळी एकसलग धार, पाटाच्या पाण्यासारखी. आपण किती बादल्या ओतल्या हे पाटाच्या शेवटी दिसत नाही. त्यात जॉन नेगल यांची १९८४ ची एक युक्ती बहुतेक संगणकांत चालू असते: पहिला छोटा तुकडा लगेच जातो, त्याची पोच येईपर्यंत मागचे छोटे तुकडे एकत्र साठतात. म्हणून आधी ८ बाइट आले, उरलेले १२० मागून एका गठ्ठ्यात. चिपनं एकदाच वाचलं आणि चित्र काढून टाकलं.

उपाय जुना आहे. आधी लांबी सांगायची, मग मजकूर. आणि तेवढे बाइट हाती पडेपर्यंत चिपनं वाचतच राहायचं. त्यातही एकदा अडलो. लॅपटॉप १२८ हा आकडा दोन बाइटांत ‘०, १२८’ असा पाठवत होता, चिप तो ‘१२८, ०’ असा लावत होती. उलटा लावला की त्याचे ३२,७६८ होतात. चिप बिचारी तेवढ्या बाइटांची वाट बघत गप्प बसून राहिली. जाळ्यावर आकड्याचा मोठा भाग आधी पाठवायची रीत आहे, ती दोन्हीकडे पाळली आणि पाटी उजळली.

खरी चूक मात्र नंतर उघडी पडली, आणि ती मला अजून सलते. लाईट गेली तर चित्र पुसू नये म्हणून चिप शेवटचं चित्र जपून ठेवत असे. एका संध्याकाळी निरोप आला की आज पाणी येणार नाही. मी तसं धाडलं, लॅपटॉपनं ‘पाठवलं’ म्हटलं, मी प्रोग्राम बंद केला. गल्लीतली लाईट त्याआधीच गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर, राउटर इन्व्हर्टरवर, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. लाईट आली तसं पाटीवर सकाळचंच ‘आज पाणी’ पुन्हा उमटलं. शेजारच्या काकू हंडे-घागरी मांडून रात्री दोनपर्यंत जागल्या. सकाळी म्हणाल्या, ‘‘पाटी तर पाणी म्हनायलीय की रे, मग नळ का कोरडा?’’

झालं होतं असं. जोडणी सकाळपासून उघडी ठेवलेली. पाटी विझली तेव्हा ‘मी चालले’ असं सांगायला तिला वेळच मिळाला नाही, म्हणून लॅपटॉपच्या लेखी ती जिवंत होती. ‘पाठवलं’ याचा अर्थ मजकूर संगणकाच्याच साठ्यात पडला, इतकाच. पोच येईना म्हणून संगणक मागच्या मागे पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करत; लिनक्स प्रणालीच्या संगणकावर हे १५ मिनिटांहून जास्त चालू शकतं. मधेच पाटी जागी झाली तर तिला जुनी जोडणी आठवत नाही, ती सरळ नाकारते. ते ऐकायला माझा प्रोग्राम उरलेला नव्हता. शिवाय टीसीपीची पोच नीट आली असती, तरी ती एवढंच सांगते की बाइट चिपपर्यंत आले. दिवे लागले की नाही, हे तिला ठाऊक नसतं.

म्हणून आता पोच पाटीनंच द्यायची. प्रत्येक चित्राला क्रमांक, आणि दिवे लावून झाल्यावर पाटी तोच क्रमांक परत धाडते. दोन सेकंदांत तो आला नाही, तर लॅपटॉप जुनी जोडणी तोडून नवी करतो आणि क्रमांक मिळेपर्यंत स्क्रीनवर लाल पट्टा ठेवतो. राउटरमध्ये पाटीचा पत्ता कायमचा नोंदवून टाकला, म्हणजे लाईट जाऊन आल्यावर तो बदलत नाही. जपून ठेवलेलं चित्र काढून टाकलं. लाईट आल्यावर ताजा निरोप मिळेपर्यंत पाटीवर फक्त एक आडवी रेघ असते, आणि रेघ दिसली की काकू खालूनच हाक मारून विचारतात.