जुलाब थांबले, तरी झिंक का?

मुलाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या देऊन जातात. ओआरएस संपतं, गोळ्या मात्र जुलाब थांबले की फळीवर पडून राहतात. त्या १४ दिवस द्यायच्या असतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाबावाटे शरीरातलं जस्त, म्हणजेच झिंक, वाहून जातं, आणि लोहासारखा त्याचा साठा शरीराकडे नसतो. आतड्याचं अस्तर भरून यायला जस्त लागतं. कोर्स पूर्ण केला तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यताही कमी होते.

जस्ताअभावी वाढ खुंटते, हे वैद्यकाला फार उशिरा कळलं. १९५८ साली इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद (मूळचे बिहारमधल्या बक्सरचे) यांच्याकडे २१ वर्षांचा रुग्ण आला. दिसायला जेमतेम दहाचा. जेवणात गव्हाची बिनखमिराची रोटी, मांस जवळपास नाही, वर माती खायची सवय. रक्त कमी होतंच, पण नुसत्या लोहाच्या कमतरतेने उंची अशी अडत नाही. प्रसादांना जस्ताचा संशय आला. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांच्या रक्तात जस्त कमी सापडलं, आणि ते दिल्यावर मुलं वाढू लागली.

गंमत म्हणजे रोटीत जस्त होतं. पण धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्ल त्याला असं धरून ठेवतं, की आतड्याला ते शोषताच येत नाही. पोट भरतं, जस्त बाहेर.

आपल्याकडे २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या साधारण १९ टक्के मुलांत जस्त कमी आढळलं. एकट्या मुलाचं रक्त तपासून मात्र खात्रीने काही सांगता येत नाही. साध्या तापानेही रक्तातलं जस्त खाली येतं.

नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करण्याची जुनी रीत इथे कामाची आहे. मोड येताना धान्यातलंच एक विकर (एन्झाइम) फायटिक आम्ल तोडतं. आंबिलीत आंबवण्यानेही तेच होतं. वस्त्रगाळ करताना थोडी खनिजं चोथ्याबरोबर जातात, म्हणून फार बारीक गाळू नये. ज्या घरात चालतं, तिथे सहा महिन्यांनंतर अंडं, मासे, मऊ शिजवलेलं मटण सुरू करावं. त्यात फायटिक आम्ल नसतंच.